अल्पवयीन आरोपींचं वय कमी केल्याने गुन्हे कमी होतात का?

प्रश्न असा आहे: सोळा-सतरा वर्षांचा मुलगा खून करतो, बलात्कार करतो आणि तीन वर्षांत बाहेर येतो. मग कायद्यातलं वय १८ वरून १६ वर, जमलं तर १४ वर आणून शिक्षा कडक का करू नये? सगळ्याच पक्षांचे नेते हेच म्हणतात, ते सगळे चुकीचे कसे?

माझं आयुष्य विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांच्या प्रकरणांत गेलं आहे. बाल न्याय मंडळ, चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते निरीक्षणगृह, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांचे अहवाल आणि सुटकेनंतर त्या मुलांचं काय होतं याचा पाठपुरावा, हेच माझं काम. उत्तर आधीच सांगते: वय कमी केल्याने गुन्हे कमी झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात आणि तुरुंगात पाठवल्याने ती पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता वाढते याचा पुरावा मात्र भक्कम आहे. 'कडक कायदा' मागणाऱ्या पुढाऱ्याला मी मुलांचा शत्रू मानत नाही. तो पुढचा बळी वाचवत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी 'तीन वर्षांत सुटतो' याबद्दल, कारण निम्मी चर्चा या एका वाक्यावर उभी असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा निर्घृण गुन्ह्यात आरोपी १६ ते १८ वयाचा असेल, तर मंडळ कलम १५ खाली त्याचं प्राथमिक मूल्यमापन करतं. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर जाऊ शकतं आणि त्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. दोषी ठरला तर २१ वर्षांपर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, तिथे त्याच्यात काय फरक पडला हे तपासायचं आणि गरज वाटली तर उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवायचं. फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. बाकी दार उघडं आहे आणि ते उघडून बरीच वर्षं झाली. तीन वर्षांची कमाल मर्यादा मंडळाने स्वतः चालवलेल्या प्रकरणांसाठी आहे. म्हणून एखाद्या घटनेनंतर 'सोळा वर्षांच्या नराधमाला मोठ्यांसारखी शिक्षा देणारा कायदा आणू' असं कोणी व्यासपीठावरून सांगतं, तेव्हा त्याने एक तर कायदा वाचलेला नसतो किंवा ऐकणाऱ्यांनी वाचलेला नाही याची त्याला खात्री असते.

हा कायदा आला कसा, तेही बघा. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेतला एक आरोपी अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होता. देश हादरला होता आणि तो राग खरा होता, तो मी कधीही कमी लेखणार नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. स्त्रियांवरच्या अत्याचारांबाबत या समितीने सरकारला इतक्या कठोर शब्दांत सुनावलं की तिच्यावर मवाळपणाचा आरोप कोणी करू शकत नाही. त्याच समितीने वय कमी करू नका असं सांगितलं. त्याच वर्षी सलील बाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयाची मर्यादा बदलायला नकार दिला. या कायद्याच्या विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय स्थायी समितीनेही १६ ते १८ वयाच्या मुलांना वेगळं काढण्याला विरोध नोंदवला. आणि मग २० डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली प्रकरणातला तो मुलगा तीन वर्षं पूर्ण करून सुटला, आणि दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेत विधेयक मंजूर झालं.

त्या आठवड्यात भाषणं अशी झाली की जणू हा कायदा वेळेवर आला असता तर तो मुलगा सुटला नसता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार गुन्हा घडला तेव्हा जी शिक्षा होती त्याहून जास्त शिक्षा नंतरच्या कायद्याने देता येत नाही. तो कायदा त्या मुलाला कधीच लागू होणार नव्हता. सभागृहातल्या वकिलांना हे माहीत होतं.

काही वाचक म्हणतील, १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी वय १६ च होतं, मग २००० साली १८ का केलं? कारण भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली आणि तिच्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. मुलींचं वय आपल्या कायद्यात आधीपासून १८ होतंच. या बदलाने गुन्ह्यांचा पूर आला का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात अल्पवयीन आरोपी असलेले ३१,१७० गुन्हे नोंदले गेले आणि २०२२ मध्ये ३०,५५५. देशातल्या एकूण नोंदींच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. २०२२ मध्ये ताब्यात घेतलेल्या ३७,७८० मुलांपैकी २९,६९० मुलं १६ ते १८ वयाची होती. म्हणजे १४ वर्षांची मर्यादा आणून ज्यांना पकडायचं म्हणता, तो गट मुळातच लहान आहे. आणि हे सगळे खुनी नाहीत. चोरी, मारामारी, वाहन पळवणं यांचा वाटा मोठा असतो. आकडे नोंदींचे आहेत, प्रत्यक्ष गुन्ह्यांचे नाहीत, हे मान्य. पण कायदा बदलायचा तर निदान जे आकडे हातात आहेत ते तरी बघावेत.

आता धाकाबद्दल. हा प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिलेला आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात 'सुपरप्रिडेटर', म्हणजे दयामाया नसलेल्या हिंसक मुलांची एक पिढी येते आहे, असं भाकीत काही अभ्यासकांनी केलं. राजकारण्यांनी ते उचललं आणि जवळपास प्रत्येक राज्याने मुलांना प्रौढ न्यायालयात पाठवणं सोपं केलं. ती पिढी आलीच नाही. हिंसक गुन्ह्यांसाठी मुलांना अटक होण्याचं प्रमाण १९९४ च्या सुमारास शिखरावर होतं आणि भाकीत गाजत असतानाच ते घसरायला लागलं होतं. कायदे मात्र तसेच राहिले. त्यांच्या परिणामांचे अभ्यास तिथल्या एका तज्ज्ञ कृतिगटाने एकत्र तपासले आणि २००७ मध्ये रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसीने) ते प्रसिद्ध केले. प्रौढ व्यवस्थेत पाठवलेल्या मुलांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण बाल न्यायव्यवस्थेत ठेवलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त निघालं. शिफारस स्पष्ट होती: हिंसा कमी करायची असेल तर हे करू नका.

डेन्मार्कने २०१० मध्ये गुन्हेगारी जबाबदारीचं वय १५ वरून १४ केलं आणि २०१२ मध्ये पुन्हा १५ वर नेलं. त्या दोन वर्षांमुळे संशोधकांना अशी तुलना मिळाली जी एरवी मिळत नाही. चौदा वर्षांच्या मुलांचे गुन्हे कमी झाले नाहीत. उलट ज्या चौदा वर्षांच्या मुलांना या बदलाचा फटका बसला, ती पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढली आणि शाळेतले त्यांचे गुण घसरले.

मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घेऊन घाबरवण्याचा कार्यक्रम अमेरिकेत १९७० च्या दशकापासून गाजला. टीव्हीवर तो फार परिणामकारक दिसायचा. त्यावरच्या नऊ यादृच्छिक चाचण्या (म्हणजे सोडत काढून मुलांचे दोन गट पाडून केलेल्या) एकत्र पाहिल्या तेव्हा कळलं की कार्यक्रमात गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. आपल्याकडेही अधूनमधून कोणी सुचवतं की वांड मुलांना एकदा तुरुंग दाखवून आणा. कृपया नको.

असं का होतं, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. धाक बसायला माणसाने कृती करण्याआधी परिणामांचा हिशेब करावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शांत खोलीत बसवून विचारा, तो तुम्हाला खून वाईट का हे नीट सांगेल. थंड डोक्याने विचार करण्यात तो प्रौढाच्या जवळपास पोचलेला असतो. मात्र राग, भीती, नशा आणि चार मित्रांची नजर या गोष्टी आल्या की तो लगाम सुटतो, आणि तो लगाम विशीच्या पुढे जाईपर्यंत घट्ट होत राहतो. २००५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात किशोरांनी एकट्याने गाडी चालवण्याचा खेळ खेळला तेव्हा जेवढा धोका पत्करला, त्याहून कितीतरी जास्त मित्र बाजूला असताना पत्करला. प्रौढांमध्ये हा फरक जवळपास दिसला नाही. आमच्याकडे येणारी प्रकरणं वाचा: तीन जण, चार जण, एका दुचाकीवरून निघालेले, कोणीतरी कोणाला तरी 'बघून घेतो' म्हटलेलं. कलम अमुक खाली किती वर्षं, हा विचार त्या साखळीत कुठेच बसत नाही. (कलम १५ च्या मूल्यमापनावरचा माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. शांत खोलीत विचारलेल्या प्रश्नांवरून त्या रात्रीच्या डोक्याचा अंदाज बांधायचा, आणि तोही गुन्हा सिद्ध होण्याआधी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात हे काम फार नाजूक आहे, मंडळाने मानसतज्ज्ञांची मदत घ्यावी, असं बजावलं ते उगाच नाही.)

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. बहुतेक मुलं गुन्ह्यातून आपोआप बाहेर पडतात. वय वाढतं, काम मिळतं, कोणीतरी जबाबदारी टाकतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि फीनिक्स इथे १,३५४ मुलांचा सात वर्षं माग काढला गेला. ही किरकोळ चोऱ्या करणारी मुलं नव्हती, बहुतेक गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेली होती. तरीही त्यांतल्या बहुसंख्य मुलांचं गुन्हे करणं या काळात खूप कमी झालं, आणि जास्त काळ डांबून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं असं दिसलं नाही. मग डांबण्याने होतं काय? शाळा सुटते, काम सुटतं, घराशी संबंध तुटतो, आणि नवी ओळख होते ती आपल्याहून सराईत लोकांशी. म्हणजे ज्या गोष्टींमुळे मूल बाहेर पडणार होतं त्याच आपण काढून घेतो. निरीक्षणगृहातून परत आलेल्या मुलाच्या फोनमध्ये कोणाचे नवे नंबर आले आहेत, हे मी नेहमी विचारते. उत्तर बरंच काही सांगून जातं.

पुण्याच्या मे २०२४ च्या अपघाताबद्दल विचारल्याशिवाय हा विषय संपत नाही, म्हणून बोलते. कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीनाने चालवलेल्या महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि लोकांचा संताप उसळला. तो आदेश मलाही पटलेला नाही. दोन माणसं गेलेली असताना मुलाची पार्श्वभूमी, व्यसन, घरातली देखरेख यांची कसलीही तपासणी हातात येण्याआधी असा निबंध सांगणं म्हणजे मृतांच्या घरच्यांची थट्टा वाटावी असंच होतं. पण नंतर काय झालं? ओरड झाल्यावर मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणीही टिकली नाही, कारण लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची शिक्षा नाही. असा गुन्हा 'निर्घृण' या वर्गात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात २०२० मध्येच सांगितलं होतं. लोकांना घाईघाईने दिलेली आश्वासनं न्यायालयात अशी कोसळतात, आणि कोसळली की लोकांचा न्यायावरचा विश्वास आणखी उडतो.

त्या प्रकरणातले सगळ्यांत चीड आणणारे आरोप तर मोठ्यांवर आहेत: गाडी हातात देणं, दारू देणं, रक्ताचे नमुने बदलणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली अल्पवयीनाला गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. हे कलम रोज, प्रत्येक चौकात वापरलं गेलं तर किती जीव वाचतील याचा विचार करा. पण त्याच्या मागणीसाठी मोर्चा निघत नाही, कारण त्या कलमात आपण सगळे सापडतो.

मग काम कशाने होतं? ज्या गोष्टींनी होतं त्या दिसायला अगदी साध्या आहेत. शिकागोमध्ये २०१२ साली हिंसा जास्त असलेल्या भागांतल्या शाळांमधून १,६३४ मुलं घेऊन त्यांतल्या काहींना सोडत काढून उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम दिलं, सोबत एक मार्गदर्शक दिला. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका बाकीच्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मूल, त्याचं कुटुंब आणि बळी ठरलेली व्यक्ती यांना एकत्र बसवून भरपाईची योजना ठरवण्याची पद्धत आणली आणि कोठडीत जाणाऱ्या मुलांची संख्या खूप खाली आणली. उपचार, कौशल्य आणि कुटुंबावर भर देणारे कार्यक्रम गुन्हे कमी करतात, केवळ शिस्त आणि कवायत करवणारे करत नाहीत. शेकडो अभ्यास एकत्र केल्यावर हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

आपल्या कायद्यात यातलं बरंच काही कागदावर आहे. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना करायची, मंडळाने चार महिन्यांत चौकशी पुरी करायची, समुपदेशन, सामुदायिक सेवा, परिविक्षा असे पर्याय वापरायचे. प्रत्यक्षात परिविक्षा अधिकाऱ्यावर इतकी प्रकरणं असतात की तो मुलाच्या घरी एकदा जातो, कधी तेही नाही, आणि अहवालात तीच ती वाक्यं उतरतात: वडील मजूर, संगत वाईट, सुधारणेस वाव आहे. 'संगत वाईट' म्हणजे कोण, कुठे भेटतात, किती वाजता, पैसा कोण पुरवतं, शाळा कोणत्या महिन्यात सुटली आणि का, हे लिहिलेलं असेल तर मंडळ नेमकी अट घालू शकतं. नसेल तर मंडळापुढे दोनच रस्ते राहतात, सोडा किंवा ठेवा. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अभ्यासात ३६२ मंडळांपुढची निम्म्याहून जास्त प्रकरणं प्रलंबित आढळली आणि जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मंडळांत सदस्य पूर्ण नव्हते. सोळाव्या वर्षी केलेल्या गोष्टीचा निकाल एकोणिसाव्या वर्षी लागला तर शिक्षा म्हणूनही त्याला अर्थ उरत नाही आणि सुधारणा म्हणूनही नाही. धाक निर्माण होतो तो लवकर आणि खात्रीने काहीतरी घडण्याने. शिक्षेची लांबी त्यात फार कमी भर घालते.

थोडी मुलं खरोखर धोकादायक असतात. हे मी टाळत नाही. लहानपणापासून हिंसा करत आलेली, पश्चात्तापाचा मागमूस नसलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांना बंदिस्त ठेवावं लागतं, कधी बराच काळ. पण तिथेही प्रश्न उरतो की कुठे ठेवायचं आणि त्या काळात त्यांच्यावर काय काम करायचं, कारण जवळजवळ प्रत्येक जण एक दिवस बाहेर येणार आहे. २१ व्या वर्षीच्या मूल्यमापनाची तरतूद यासाठीच आहे. मधल्या वर्षांत मानसोपचार, शिक्षण, व्यसनमुक्ती यांतलं काहीच झालं नसेल, तर त्या दिवशी न्यायाधीश कशाचं मूल्यमापन करणार?

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? हा प्रश्न माझ्यासारख्या लोकांना टोमणा म्हणून विचारला जातो, पण तो सगळ्यांत योग्य प्रश्न आहे. मी भेटलेल्या कुटुंबांना तारीख कधी आहे हे कोणी सांगत नाही, भरपाईचा अर्ज कुठे करायचा ते माहीत नसतं, आरोपी मुलगा त्याच गल्लीत परत येणार हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळतं. अनेकांना मुलाने आपल्यासमोर उभं राहून काय केलं ते कबूल करावं असं वाटतं, आणि ती संधी आपली व्यवस्था कधी देत नाही. बळींच्या नावाने कायदा बदलणाऱ्यांनी त्यांच्यासाठी जिल्ह्यात एक माणूस तरी नेमावा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, नेते चुकीचे कसे. घटनेनंतरच्या आठवड्यात टाळ्या कडक शब्दांना मिळतात, आणि परिविक्षा अधिकाऱ्याचं रिकामं पद भरल्याची बातमी होत नाही, म्हणून ते तसं बोलतात. हे बदलणं आपल्या हातात आहे. तुमच्या आमदारांना विचारा: आपल्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात तिन्ही सदस्य आहेत का? किती प्रकरणं चार महिन्यांच्या मुदतीबाहेर गेली? एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे किती मुलं आहेत? निरीक्षणगृहात मानसतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतो? गेल्या वर्षी सुटलेल्यांपैकी किती जण शाळेत किंवा कामावर आहेत आणि किती पुन्हा पकडले गेले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेलंच नसतं. ते मोजायला लावा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि पुढच्या वेळी कोणी 'वय चौदावर आणा' म्हणालं, की तो आकडा त्यांच्यापुढे ठेवा.